काळूचा गोचीड ताप आणि मनीचं पिवळं आजारपण : खाणं, टॉनिकं आणि खर्चाच्या नोंदी (बडोदे)

वहीत लिहिलेलं होतं ते टाइप करतेय, मध्ये मध्ये नंतर कळलेलं घातलंय. पेशंट दोन. काळू म्हणजे सुरसागर तलावाच्या बाजूला राहणारा रस्त्यावरचा कुत्रा, पाचेक वर्षांचा असेल. मनी शेजारच्या काकूंची मांजर. दोघांना दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत ठेवलं होतं, मी आणि माझा भाचा बघत होतो. औषधांचे डोस मुद्दाम लिहीत नाहीये, ते डॉक्टरांनी वजन आणि रिपोर्ट बघूनच द्यायचे. खाण्याचं आणि टॉनिकांचं मात्र सविस्तर लिहितेय, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ तिथेच घालवतात आणि नीट सांगणारं कोणी भेटत नाही.

९ जुलै

काळूला उचलून आणलं. नाकातून रक्त येत होतं, कानाच्या पाळीत गोचिडांचे घोसच्या घोस, चार दिवस कोणी टाकलेलं खाल्लं नव्हतं असं चहावाले काका म्हणाले. ओठ वर करून बघितलं तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. वजन १४ किलो, अंगापिंडाने १८ चा तरी हवा. रक्त तपासलं: हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ३८ हजार. कुत्र्यात हिमोग्लोबिन साधारण १२ ते १८ असतं आणि प्लेटलेट दोन लाखांच्या वर हव्यात. किटवर एर्लिकिया पॉझिटिव्ह, म्हणजे आपण ज्याला गोचीड ताप म्हणतो तो. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवस, मळमळीचं इंजेक्शन, सलाइन.

डॉक्टरांनी एक गोष्ट कागदावर लिहून दिली ती इथे देते, कोणालाही उपयोगी पडेल. आजारी जनावराला नुसतं पडून राहायला दिवसाला किती कॅलरी लागतात त्याचा हिशोब: वजन किलोत गुणिले ३०, अधिक ७०. काळूचे १४ गुणिले ३० म्हणजे ४२०, अधिक ७०, झाले ४९०. हे गणित साधारण २ ते ४५ किलोपर्यंत चालतं. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला हे सगळं पहिल्याच दिवशी द्यायचं नाही. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि बरं होणारं जनावर खाण्यामुळेच कोसळू शकतं. रस्त्यावरचं उपाशी कुत्रं दिसलं की आपण मायेने भरभरून वाढतो ना, तिथे हे लक्षात ठेवा.

आज फक्त एक उकडलेलं अंडं आणि अर्धी वाटी मऊ भात, मिळून साधारण १६० कॅलरी, सहा वेळा विभागून. बोटाने हिरडीला लावलं की चाटत होता. संध्याकाळी स्वतःहून वाटीत तोंड घातलं.

१० जुलै

सकाळी भाचा दुकानातून पिशवी भरून घेऊन आला. लोहाचं सिरप, कॅल्शियमचं सिरप, मल्टिव्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक, पपईच्या पानांचं प्लेटलेटवालं सिरप. बिल ११४० रुपये. दुकानदाराला त्याने एवढंच सांगितलं होतं की कुत्र्याला रक्त कमी आहे, त्याने भरभरून काढून दिलं. तसं बडोद्यात टॉनिकवर लोकांचा विश्वास जुना आहे, अलेंबिक ही औषधांची कंपनी १९०७ पासून इथलीच, आमच्या आजीच्या कपाटात एक तरी टॉनिकची बाटली कायम असायचीच. टॉनिक वाईट असतं असं मी म्हणत नाहीये, पण कोणत्या आजारात कोणतं आणि कशाच्या जोडीला नको हे बघायलाच लागतं.

दुपारी डॉक्टरांना बाटल्यांचे फोटो पाठवले तर त्यांचा लगेच फोन. लोह आणि कॅल्शियम दोन्ही डॉक्सीसायक्लिनला पोटातच धरून ठेवतात, मग औषध रक्तात पोचतच नाही. म्हणजे आपण २८ दिवस इमानदारीने गोळी देणार आणि निम्मी शीवाटे बाहेर जाणार. दूध-दह्यातून गोळी देतात त्याचंही हेच. द्यायचंच झालं तर गोळीपासून दोन-तीन तास लांब. पण काळूला लोह हवंच आहे का, हा खरा प्रश्न त्यांनी विचारला. गोचीड तापात रक्त कमी होतं ते बहुतेक वेळा लोह कमी पडल्यामुळे नाही, हाडातल्या मज्जेत रक्त तयार होण्याचं काम मंदावतं आणि तयार झालेलं मोडतं. तिथे लोह ओतून काय होणार. बाहेर भरपूर रक्त वाहिलं असेल, अंगभर गोचिडांनी महिनोन्‌महिने शोषलं असेल तर गोष्ट वेगळी, पण ते रिपोर्ट बघून ठरवायचं.

पण तोपर्यंत सकाळचा एक डोस लोहाचा जाऊन बसला होता.

११ जुलै

आणि त्याचा परिणाम आज बघायला मिळाला. पहाटे काळूची शी काळीकुट्ट. प्लेटलेट कमी असताना काळी, डांबरासारखी शी म्हणजे आतड्यात रक्तस्राव असू शकतो, आणि लोहाच्या सिरपनेसुद्धा शी काळीच होते. आता हे कोणतं काळं? डॉक्टरांनी सांगितलं पांढऱ्या कागदावर थोडी घेऊन पाणी टाकून पसरवा, कडेने लालसर तपकिरी रंग सुटला तर रक्ताचा संशय घ्या. आमची हिरवट काळीच राहिली. तरी विषाची परीक्षा कशाला म्हणून परत रक्त तपासलं, ३५० रुपये आणि अर्धा दिवस गेला. हिमोग्लोबिन तेवढंच, म्हणजे आत वाहत नव्हतं. तेव्हा ज्यांच्या कुत्र्याच्या प्लेटलेट कमी आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने लोह सुरू करू नका, सगळ्यात महत्त्वाची धोक्याची खूणच त्याने झाकली जाते.

लोह आणि कॅल्शियम दुकानात परत द्यायला नेलं. लोहाची बाटली फोडलेली होती ती त्याने घेतली नाही, रास्तच आहे. लिव्हर टॉनिक ठेवलं. पपईच्या सिरपबद्दल डॉक्टर म्हणाले द्यायचं तर द्या पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका, प्लेटलेट वाढवणार ते डॉक्सीसायक्लिन. काळूला त्याचा वास सहन होत नव्हता, दिलं की पुढचं जेवण नाकारायचा, म्हणून मी बंद केलं. जे टॉनिक दिल्यामुळे जेवण कमी होतं ते माझ्या मते टॉनिकच नाही.

१२ जुलै

आज पूर्ण ४९०. बिनहाडाचं उकडलेलं चिकन १३० ग्रॅम, शिजलेला भात १५० ग्रॅम, एक अंडं. मीठ नाही, हळद चिमूटभर, कांदा लसूण अजिबात नाही. चिकन उकडलेलं पाणी टाकून न देता त्यातच भात कालवायचा, वासाने खातो आणि पाण्यात उतरलेलं सत्त्वही पोटात जातं.

चिकनचा प्रश्न वाड्यात नाजूक. आजी म्हणाली, "अंडं चालेल बाई, त्या मुक्या जिवासाठी चालेल, पण माझ्या भांड्यात नको आणि माझ्या गॅसवर नको." म्हणून गच्चीवर इंडक्शन शेगडी आणि एक वेगळं पातेलं. दुसऱ्या दिवसापासून आजीच सकाळी विचारायला लागली की काळ्याचं पातेलं चढवलं का. अंडी कोपऱ्यावरच्या लारीवरून (हातगाडीवरून) घेते, काळूसाठी आहेत म्हटल्यावर ते भाई तडकलेली अंडी निम्म्या भावात देतात, उकडायची असल्याने चालतं, फक्त त्याच दिवशी वापरायची.

गोळी द्यायची पद्धत: आधी दोन घास, मग गोळी, मग परत घास आणि पाणी. डॉक्सीसायक्लिन कोरडी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, मांजरांत तर फारच.

१५ जुलै

समोरच्या बेन प्रेमाने वघारेली खिचडी घेऊन आल्या. तिच्यात कांदा-लसणाची फोडणी होती. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो, पावडर असो, रश्शात विरघळलेला असो. काळूच्या अंगात आधीच पेशी कमी. त्यांना समजावून सांगितलं, त्यांना फार वाईट वाटलं, मग म्हणाल्या उद्यापासून माझा कुकर लागतो तेव्हा साधा भात वेगळा काढून देत जाईन. आणि खरंच रोज दिला. एवढं एक काम डोक्यावरून उतरलं तर किती हलकं वाटतं ते करणाऱ्यालाच कळेल.

काय काय चालणार नाही त्याचा कागद खोलीच्या दारावर लावला: कांदा, लसूण, मनुका आणि द्राक्षं, चॉकलेट, शुगर-फ्री कोणतंही सिरप. शेवटचं लोकांना माहीतच नसतं. माणसांच्या शुगर-फ्री सिरपांत आणि चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांत कधी कधी झायलिटॉल असतं, कुत्र्याची साखर त्याने एकदम पडते आणि यकृतही जाऊ शकतं. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा, डोळ्यांना दिसत नसेल तर फोटो काढून मोठा करून वाचा.

१७ जुलै

प्लेटलेट ९६ हजार! हिमोग्लोबिन ७.१. डॉक्टर म्हणाले हे असंच होतं, प्लेटलेट पटकन वर येतात, हिमोग्लोबिनला आठवडे लागतात, घाबरून टॉनिक वाढवू नका. खाणं वाढवा म्हणाले, वजन चढायला हवं. ४९० वरून हळूहळू ७०० पर्यंत न्यायचं ठरलं. आठवड्यातून दोनदा चिकनची कलेजी, दोन चमचे एवढीच. कलेजीत लोह, बी-१२, फोलेट सगळं असतं पण व्हिटॅमिन ए सुद्धा प्रचंड असतं, रोज वाटीभर दिली तर ते अंगात साठत जातं.

कॅल्शियमबद्दल विचारलं, कारण चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. ते म्हणाले मोठ्या कुत्र्याचं महिनाभराने काही अडत नाही, डॉक्सीसायक्लिन संपू दे मग अंड्याच्या कवचाची पूड सुरू करा. वाढतं पिल्लू असेल तर मात्र असं थांबता येत नाही, मग वेळ लांब ठेवून द्यावंच लागतं.

२४ जुलै

मनी. शेजारच्या काकू मुलीकडे पुण्याला गेल्या, मागे मनीला बघायला त्यांचा पुतण्या. तो रोज वाटी भरत होता आणि रोज भरलेली वाटी काढत होता, त्याला वाटलं रुसली असेल. मी आज बघायला गेले तर कानाची आतली बाजू हळदीसारखी पिवळी. उचलली तर हातात लिबलिबीत, मान टाकलेली.

वजन ४.८ किलो, मुळात लठ्ठ मांजर, आणि लठ्ठ मांजरानेच उपाशी राहणं सगळ्यात वाईट. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृताकडे धावते, यकृताला ती निस्तरता येत नाही आणि ते चरबीनेच भरून जातं. कुत्र्यासारखं मांजराला उपासावर टाकून "भूक लागली की खाईल" म्हणता येत नाही. हे वाक्य ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी लक्षात ठेवावं, बाकीचं विसरलात तरी चालेल.

रक्तात बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं) आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (यकृताचा त्रास दाखवणारं) खूप वर. सोनोग्राफीसाठी आणंदच्या व्हेटर्नरी कॉलेजला नेलं, चाळीसेक किलोमीटर आहे, रिक्षा टेम्पो न करता ओळखीच्यांची गाडी मिळाली. यकृत मोठं आणि पांढुरकं दिसतंय म्हणाले, बाकी गाठ वगैरे नाही.

२५ जुलै

पुतण्याने मधल्या काळात तिला सिरिंजने भरवायचा प्रयत्न केला होता, तोंड दाबून. त्यामुळे आता सिरिंज दिसली की ती लाळ गाळायला लागते. मळमळत असलेल्या मांजराला जबरदस्तीने भरवलं की त्या अन्नाचाच तिटकारा बसतो आणि बरं झाल्यावरही ते खात नाही. म्हणून डॉक्टरांनी थेट मानेतून अन्ननलिकेत नळी टाकायची ठरवली. नाकातून बारीक नळी स्वस्त पडते पण तिच्यातून फक्त पाण्यासारखं पातळच जातं, आणि हिला कित्येक आठवडे भरवावं लागणार होतं. आज व्हिटॅमिन के ची इंजेक्शनं, कारण यकृत बिघडलं की रक्त गोठत नाही आणि मानेला छेद द्यायचा आहे.

काकूंना फोन केला. त्या रडत होत्या, आत्ताच्या आत्ता निघते म्हणाल्या. मी म्हटलं काकू तुम्ही नक्की या पण घाईने पडझड करून येऊ नका, मी आहे. तुमची जुनी साडी पुतण्याकडून घेतलीये, तिच्यावरच झोपलीये ती.

२६ जुलै

नळी बसली. खर्च ४२०० भूल आणि टाके धरून.

गणित: ४.८ गुणिले ३० अधिक ७०, साधारण २१५ कॅलरी. आज फक्त पाव भाग. रिकव्हरीचा, म्हणजे आजारातून उठणाऱ्या जनावरांसाठीचा डबाबंद आहार कोमट पाण्यात मिक्सरला फिरवून गाळून घेतला, आमच्या मिश्रणात एका मिलीला साधारण ०.८ कॅलरी पडली (डब्यावरच्या कॅलरी भागिले तयार झालेलं एकूण मिली, एवढा साधा हिशोब). आज दिवसभरात ७० मिली, दहा-दहा मिली. चार दिवसांत वाढवत २७० मिलीपर्यंत न्यायचं, सहा वेळा ४५. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं लावून हळूहळू, आधी थोडं पाणी, नंतर थोडं पाणी. गार अन्न घातलं की उलटी, हाताला कोमट लागेल एवढं हवं. गाळायला आळस करू नका, चहाच्या गाळणीतून दोनदा.

काळूसाठीच शिजतंय तर तेच हिलाही का नको असं भाच्याने विचारलं. मांजराला टॉरिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्लं अन्नातूनच लागतात, व्हिटॅमिन ए सुद्धा तयार स्वरूपात लागतं, चिकन-भातावर मांजर फार दिवस चालत नाही. आणि यकृताचा आजार म्हणून प्रथिनं कमी करायची हा समज इथे उलटा पडतो, मेंदूवर परिणाम दिसत नसेल तर हिला प्रथिनं भरपूर हवीत.

२८ जुलै

सकाळी मनीची मान छातीला टेकलेली, उचलताच येईना. मला वाटलं संपलं सगळं. डॉक्टरांकडे धावलो, रक्तातलं पोटॅशियम खाली. अन्न सुरू केल्यावर होऊ शकतं म्हणून जे सांगितलं होतं ते हेच, आम्ही इतक्या हळू वाढवत असूनही झालं. पोटॅशियम सलाइनमधून, शिवाय थायामिनचं (व्हिटॅमिन बी-१) इंजेक्शन. खाणं बंद नाही केलं, वाढवायचं फक्त दोन दिवस थांबवलं. संध्याकाळी मान निम्मी वर होती, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वळून माझ्याकडे बघितलं. पुढे काही दिवस पोटॅशियमचं सिरप नळीतून दिलं, तेही डॉक्टर दर दोन दिवसांनी रक्त बघून ठरवत होते. पोटॅशियम स्वतःहून देऊ नका, जास्त झालं तर हृदय बंद पडतं.

३० जुलै

नळी तुंबली. मल्टिव्हिटॅमिनची गोळी कुटून घातली होती, कितीही बारीक केली तरी पाण्यात फुगते आणि तळाशी बसते. कोमट पाणी सिरिंजने आत-बाहेर आत-बाहेर करत पाऊण तास गेला, तेव्हा सुटली. जोर लावायचा नाही, टाके ओढले जातात. त्या दिवसापासून नळीतून फक्त विरघळणारं: टॉरिनची पूड (पाण्यात छान विरघळते), एल-कार्निटिनचं सिरप, डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाने. बी-१२ चं इंजेक्शन आठवड्यातून एक, सहा आठवडे, आणि शेवटचं महिन्याने. यकृतासाठीची सॅमी नावाची कोटिंग केलेली गोळी मिळते ती कुटून चालत नाही, उपाशीपोटी अख्खीच जायला हवी, म्हणून ती मनी गिळायला लागेपर्यंत पुढे ढकलली. सहाशे रुपयांची स्ट्रिप तशीच पडून राहिली, नळीवाल्या पेशंटला ती आधीच घेऊन ठेवू नका.

१ ऑगस्ट

काळूच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर गेल्यावर माशाच्या तेलाला परवानगी मिळाली. आधी का नाही, तर त्यातल्या जास्त ओमेगा-३ ने प्लेटलेटचं चिकटणं कमी होतं. पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा दिली गेली, तर दोन दिवस पातळ शी. बंद करून पाव मात्रेपासून परत सुरू केलं, आठवड्यात पूर्णवर आलो, केसांना आता चमक आहे. विकत घेताना माशाचं तेल आणि कॉड लिव्हर ऑइल एक समजू नका, दुसऱ्यात ए आणि डी व्हिटॅमिन असतात, ती साठतात.

त्या पातळ शीसाठी सॅकरोमायसिस बूलार्डीचं पाकीट दिलं. ती यीस्ट आहे, बॅक्टेरिया नाही, त्यामुळे चालू असलेल्या अँटिबायोटिकने मरत नाही.

आजच मदतीला येणाऱ्या एका मुलीने विचारलं की घरी व्हिटॅमिन डी चे साठ हजारवाले सॅचे पडलेत, ताकदीसाठी देऊ का. तिने विचारलं म्हणून बरं! तो डोस माणसाचा, आठवड्याचा. एवढ्या लहान जिवाच्या रक्तात त्याने कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. चौदा किलोच्या काळूलाही धोका, पावणेपाच किलोच्या मनीचं तर काय झालं असतं ते मला लिहवत नाही. घरातले असे सॅचे डब्यात झाकून ठेवा, गोड असतात, कुत्री फोडून चाटतात.

६ ऑगस्ट

डॉक्सीसायक्लिन संपलं. प्लेटलेट २ लाख ४० हजार, हिमोग्लोबिन १०.९, वजन १६.२. अजून १२ च्या खालीच आहे पण डॉक्टर खूश आहेत. आता अंड्याच्या कवचाची पूड सुरू: कवचं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरला पीठ. एका चमच्यात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं, त्यामुळे थोडीच घालायची, चमचा भरून नाही. आमच्या हिशोबाने काळूला दिवसाला सपाट पाव चमचा. गोचिडांसाठी महिन्याची गोळी चालू, ती चुकली तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात.

१४ ऑगस्ट

काकू आल्या. मनीने त्यांच्या हातून चार घास खाल्ले, वाफवलेला बांगडा, गरम करून कुस्करलेला. आम्ही तोच बांगडा दोन दिवस समोर ठेवत होतो तर वळूनही बघत नव्हती. भूक वाढवायचं औषधही चालू होतं म्हणून त्याचाही हात असेल, पण मला विचाराल तर काकूंचा जास्त. कान आता फिकट पिवळे.

नळीतून देणं लगेच थांबवलं नाही. तोंडाने जेवढं खाईल तेवढ्या कॅलरी नळीतून वजा, असं रोज मांडत गेलो. मधे एक दिवस खाल्लं नाही तर परत पूर्ण नळीवर.

२९ ऑगस्ट

नळी काढली. गेला आठवडाभर सगळं तोंडाने खात होती, वजन टिकून होतं, बिलिरुबिन नॉर्मल. भोक टाका न घालता आपोआप भरतं. वजन ४.४. काकूंना सांगितलंय आता तिला बारीक करायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि हळूहळू, वाटी अचानक निम्मी करायची नाही.

खर्चाचं एकदा मांडते. काळूचा एकूण सुमारे ७८०० आला: त्यात तपासण्या २४००, औषधं नि सलाइन २६००, गोचिडाची गोळी ९००, चिकन-अंडी १३००, आणि टॉनिकं-पूरकं सगळी मिळून ६०० च्या आत (परत केलेलं सोडून). मनीचा १९ हजारांच्या पुढे, सगळ्यात मोठा आकडा रिकव्हरीच्या डब्यांचा, सहा हजार. तिच्या टॉरिन, कार्निटिन, बी-१२ ला मिळून १४०० लागले. काकूंनी मनीचे सगळे दिले, काळूसाठी वाड्यातल्या सगळ्यांनी थोडे थोडे काढले, लारीवाल्या भाईंनी अंड्यांचे शेवटचे पैसे घेतलेच नाहीत.

शिल्लक: टॉरिनचा जवळजवळ अर्धा डबा, रिकव्हरीचे तीन डबे (तारीख पुढच्या मार्चची), न फोडलेल्या वीस मिलीच्या सिरिंज, सॅमीची स्ट्रिप. बडोद्यात कोणाचं मांजर नळीवर असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन जा, पैसे नकोत. डबे आधी द्यायचेत, एकदा फोडला की फ्रिजमध्ये झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं वापरायचं नाही.